तिसऱ्या तारेचा ठावठिकाणा

फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्या घरांना नवी नाही. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो. फ्रिजपुढे पायपुसणे टाकावयाचे, पायांत रबरी चपला घालावयाच्या आणि गीझर चालू असता नळाला हात लावू नये, असे मुलांना बजावावयाचे. झिणझिणी अशी अंगवळणी पडते. वस्तुतः त्या घरातील तिसरी, म्हणजे हिरवी तार बहुधा कोठेतरी तुटलेली आहे, किंवा ती मुळात कशालाच जोडलेली नाही, एवढेच ती झिणझिणी सांगत असते.

प्लगची तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की सॉकेटात ती सर्वांच्या आधी शिरावी आणि सर्वांच्या शेवटी बाहेर पडावी. जाड अशासाठी की चुकूनही ती फेजच्या भोकात जाऊ नये. उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर या पिनेच्या वाटेने ती मीटरजवळच्या मुख्य फलकाकडे जावी आणि तेथून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, अशी ही योजना आहे. पिन घडविणाऱ्याने एवढा विचार केला. पुढची तार कोठे जाते, हे मात्र घरमालकाने क्वचितच पाहिलेले असते.

जुन्या चाळींतून ही तार पाण्याच्या नळाला गुंडाळलेली असे. लोखंडी नळ जमिनीखालून दूरवर गेलेला, त्यामुळे ती युक्ती काही काळ चालूनही गेली. पुढे लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे बसविले गेले. पाणी पूर्वीप्रमाणे येत राहिले, दिवे लागत राहिले, आणि घराचा जमिनीशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानीमनी नसता तुटला. जेथे रीतसर खड्डा आहे तेथेही सारे आलबेल असतेच असे नाही. अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला नळ किंवा साठ सेंटिमीटर चौरस पत्रा पुरावयाचा आणि भोवती कोळसा व मीठ भरावयाचे, ही परिचित पद्धत. मीठ ओल धरते आणि विजेला वाट देते, हे खरे. पण तेच मीठ नळाला आणि तारेच्या बोल्टला खाऊन टाकते. त्यात आपल्या पठारावर वीतभर मातीखाली काळा पाषाण. वैशाखात तो खड्डा कोरडा ठणठणीत पडतो, आणि त्यात बादलीभर पाणी ओतावयाची आठवण कोणाला होत नाही.

वायरमनला विचारावे, तर तो फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये दिवा लावून दाखवितो. दिवा लखलखीत पेटतो. आपले समाधान होते. हे समाधान फसवे आहे. शंभर वॉटच्या साध्या दिव्याचा पेटलेल्या स्थितीतील रोध सुमारे ५२९ ओहम असतो. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला, म्हणजे तो अगदीच निकामी असला, तरी २३० व्होल्टांपैकी जेमतेम वीस व्होल्ट तेथे खर्ची पडतात आणि दिव्याचा प्रकाश डोळ्यांना कमी भासत नाही. आता याच घरात फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरली असे समजा. या खड्ड्यातून फार तर ४.६ अँपिअर प्रवाह वाहील. सोळा अँपिअरचा फ्यूज त्याची दखलही घेणार नाही. फ्रिज चालू राहील, त्याच्या पत्र्यावर दोनशेच्या आसपास व्होल्ट दाब राहील, आणि ओल्या हाताने कोणीतरी त्याचे दार उघडील. खड्डा उत्तम, पाच ओहमचा असला तरी प्रवाह ४६ अँपिअरच. तेवढ्याने ३२ अँपिअरचा फ्यूज तत्काळ तुटेल याची शाश्वती नाही.

अमेरिकेत या अडचणीची सोडवणूक निराळ्या रीतीने केली आहे. तेथे घराच्या मुख्य फलकात, आणि फक्त तेथेच, न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधतात. बिघाडाचा प्रवाह मातीतून नव्हे, तर तारेतून रोहित्राकडे परततो आणि फ्यूज क्षणात तुटतो. जमिनीत ठोकलेला तेथील आठ फुटी दांडा मुख्यतः आकाशातील विजेसाठी आणि उच्च दाबाच्या तारेशी अवचित संबंध आला तर त्यासाठी आहे. बिघाडाच्या प्रवाहाला केवळ जमिनीचा मार्ग पुरेसा समजू नये, असे तेथील राष्ट्रीय विद्युत संहिता स्पष्ट बजावते.

यातले अर्धे ऐकून आपल्याकडे एक भयंकर प्रकार चालतो. सॉकेटातच न्यूट्रलची आणि तिसऱ्या पिनेची जोडणी करावयाची, की झाले अर्थिंग! दिवा लागतो, झिणझिणी थांबते, गिऱ्हाईक खूश. पण पुढे कोठे न्यूट्रलची तार तुटली, तर कसलाही बिघाड नसलेल्या प्रत्येक उपकरणाचा पत्रा फेजच्या दाबावर येतो. कपडे धुण्याच्या यंत्राचाही आणि गीझरचाही. याला अज्ञान म्हणावे की बेपर्वाई, हे मला ठरविता येत नाही.

ग्राहकाच्या आवारात, वीजपुरवठा सुरू होतो त्या जागी, सहज हाती लागेल असे अर्थिंगचे टोक पुरवठादाराने द्यावे आणि ते सुस्थितीत राखावे, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते. २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांतही हे कर्तव्य कायम राहिले. हे टोक आपल्या मीटरच्या फळीवर कोठे आहे, असे किती ग्राहकांनी विचारले असेल? वीजबिलातील दहा रुपयांच्या फरकासाठी आपण कार्यालयाच्या खिडकीशी तासभर उभे राहतो. जोडणी घेताना वायरमनच्या चाचणी अहवालावर मात्र न वाचता सही करतो. अर्थिंगचा रोध दिव्याने नव्हे, मापकयंत्राने मोजून, आकडा लिहून दाखवा, अशी मागणी तेव्हाच करता येते. गृहनिर्माण संस्थांना तर ती दरवर्षी, तीही उन्हाळ्यात, सहज करता येईल.

मातीच्या भरवशावर राहणाऱ्या घराला खरा आधार आहे तो तीस मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणाऱ्या, बाजारात ईएलसीबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाचा. वर सांगितलेल्या ५० ओहमच्या भिकार खड्ड्यातील ४.६ अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या दीडशे पट. फ्रिजला कोणी हात लावण्यापूर्वीच ते पुरवठा तोडील. हिरवी तार तुटलेली असली, तर मात्र त्याला माणसाच्या अंगातून गळती सुरू होईपर्यंत थांबावे लागते. त्याच्यावर चाचणीची एक कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी. पण ती कळ त्या उपकरणापुरतेच सांगते. तार खड्ड्यापर्यंत पोहोचली आहे की नाही, हे पाहण्यासाठी खड्ड्यावरचे झाकणच उचलावे लागते.