वॉच, अलर्ट, वॉर्निंग : नेमका फरक

बातम्यांत ‘रेड अलर्ट’ रुळला असला, तरी भारतीय हवामान विभागाच्या रंगपद्धतीत अलर्ट नारिंगी असतो. लाल रंग वॉर्निंगचा. पिवळा म्हणजे वॉच : अंदाजावर लक्ष ठेवा. नारिंगी : तयारीत राहा. लाल : कृती करा. हिरवा म्हणजे इशारा नाही. शब्दांची ही चढण नागरिकाने काय करायचे, यावरून ठरते. चक्रीवादळाच्या टप्प्यांतही तीच चढण दिसते. प्री-सायक्लोन वॉच ७२ तास आधी. अलर्ट किनाऱ्यावरचे हवामान बिघडण्याच्या किमान ४८ तास आधी. वॉर्निंग किमान २४ तास आधी. वादळ तेच, हाताशी उरलेल्या वेळेनुसार शब्द बदलतो.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजता येतो, मग शब्द कशाला, अशी शंका निघू शकते. २४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार, ही वर्गवारी आहेच. पण हे आकडे पाऊस किती, एवढेच सांगतात. रंग ठरवताना संभाव्य परिणाम आणि जोखीमही पाहिली जाते, त्यामुळे रंग केवळ मिलिमीटरवरून ठरत नाही. वॉच आणि वॉर्निंगमधला असाच फरक अमेरिकेतही आहे : तिथे टॉर्नेडो वॉच म्हणजे वावटळीला पोषक स्थिती. टॉर्नेडो वॉर्निंग म्हणजे ती प्रत्यक्ष किंवा रडारवर दिसली. वॉच असताना बातम्या ऐकाव्यात. वॉर्निंग येताच आसरा गाठावा.