थंड पाणी, बोचरा वारा आणि अंगावरचें वस्त्र

सोलापूरकरांस उन्हाळा शिकवावा लागत नाहीं. माठाभोंवतीं ओलें फडकें केव्हां गुंडाळावें, दुपारीं कोणत्या बाजूचीं दारें लावून घ्यावीं, डोक्यास पंचा कसा बांधावा, हें येथल्या लहान पोरासही कळतें. थंडीविषयीं मात्र आपलें ज्ञान तोकडें आहे. पौष महिन्यांत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटेस पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास उतरतो, आपण चादर अंगावर ओढून घेतों, आणि सूर्य वर आला कीं सारें विसरतों. जी थंडी मनुष्याचे हातपाय अवघ्या कांहीं मिनिटांत निकामी करते, तिच्याशीं आपला परिचय नाहीं.

हा परिचय करून घेण्याची वेळ आतां आपल्या घरांवर आली आहे. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें आपलीं मुलें इंग्लंड, आयर्लंड, हॉलंड, अमेरिका अशा देशीं जातात. तेथें समुद्रकांठीं राहतात आणि तेथले खेळही खेळूं लागतात. आमच्या एकत्र कुटुंबांतली एक नात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शिकते. तिनें हिंवाळ्यांत विंडसर्फिंग करण्यासाठीं रबरी पोशाख घेण्याचा विचार कळवला, तेव्हां घरांत दोन पक्ष झाले. एक म्हणे, पोहावयाच्या कपड्यास एवढा पैसा कशास? दुसरा म्हणे, पोशाख नसेल तर थोडें सोसावें. आपले वाडवडील माघस्नान करीतच होते. दोन्ही पक्षांचा हेतु चांगला होता, परंतु दोघांनाही मूळ प्रश्न उमगला नव्हता. हा पोशाख हौसेचा कीं रक्षणाचा, एवढाच तो प्रश्न आहे. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम खेळ कोणता तें सांगितलें पाहिजे. एक लांबट तरंगती फळी, तिच्यावर सर्व दिशांस कलतें होणारें एक शीड, आणि त्या शिडाच्या आडव्या दांडीस दोन्ही हातांनीं धरून फळीवर उभा राहिलेला खेळाडू, असें याचें स्वरूप आहे. सुकाणूं नाहीं, शीड पुढें-मागें कलवून दिशा बदलावयाची. अमेरिकेंत न्यूमन डार्बी यांनीं १९६४ च्या सुमारास असें साधन बनवलें होतें. पुढें हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनीं त्यास आजचें रूप देऊन त्याचें पेटंट घेतलें. १९८४ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें या खेळाचा प्रथम समावेश झाला. आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यावर तो चांगला रुजला आहे. कात्या कोएल्हो ही गोमंतकीय खेळाडू त्यांत देशाचें प्रतिनिधित्व करते. २०२३ सालीं हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत इबाद अली यानें या खेळांत भारतास कांस्यपदक मिळवून दिलें. म्हणजे हा खेळ आतां आपल्यासही परका राहिलेला नाहीं.

गोव्याच्या समुद्राचें पाणी ऐन जानेवारींतही सत्तावीस अंशांच्या आसपास असतें. तेथें उन्हापासून रक्षण करणारा एक पातळ अंगरखा पुरतो. इंग्लंडच्या दक्षिणेस मात्र फेब्रुवारींत समुद्र सात ते नऊ अंशांवर येतो. आपली सोलापूरची कडाक्याची पहाटही त्याहून उबदार म्हणावयाची! शिवाय हवेची थंडी आणि पाण्याची थंडी एकच नव्हे. हवेपेक्षां पाणी शरीराची उष्णता सुमारें पंचवीस पट वेगानें वाहून नेतें. पंधरा अंशांच्या हवेंत आपण सदरा घालून फिरतों; पंधरा अंशांच्या पाण्यांत उघड्या अंगानें राहिलेला मनुष्य लवकरच कुडकुडूं लागतो.

या खेळांत पाण्याच्या जोडीस वाराही असतो. किंबहुना वारा नसेल तर खेळच नाहीं. खेळाडू वारंवार पडतो, भिजतो, पुन्हा फळीवर उभा राहतो, आणि ओल्या अंगावर वारा झोंबत राहतो. माठाचें उदाहरण येथें तंतोतंत लागू पडतें. ओल्या फडक्यावरून वारा गेला कीं पाण्याची वाफ होते, ती वाफ होतांना उष्णता घेऊन जाते, आणि माठांतलें पाणी गार होतें. वैशाखांत जी क्रिया आपणांस वरदान वाटते, तीच हिंवाळी समुद्रावर खेळाडूच्या छातीवर चालू असते. फरक इतकाच कीं तेथें माठाच्या जागीं मनुष्य असतो.

मग अंगावर काय असावें? सोलापुरी चादर प्रसिद्धच आहे, पण ती सुताची. सूत भिजलें कीं त्याच्या धाग्यांमधली हवा निघून जाते, तेथें पाणी भरतें, आणि वस्त्र अंगास गारठवूं लागतें. उलट सांगोला-मंगळवेढ्याकडचा धनगर पावसांत घोंगडी पांघरून मेंढरांमागें उभा असतो. लोकरीचा धागा पुष्कळसा ओलावा पोटांत घेतो आणि तरीही कुरळेपणामुळें आपल्यामध्यें हवा धरून ठेवतो. ऊब वस्त्रांत नसते. वस्त्रानें कोंडून ठेवलेल्या स्थिर हवेंत असते. हें एक तत्त्व ध्यानांत आलें कीं पुढचें सारें सोपें होतें.

विंडसर्फिंगचा वेटसूट याच तत्त्वावर बनवलेला आहे. निओप्रीन नांवाचें कृत्रिम रबर अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें १९३० च्या सुमारास तयार केलें. त्यास फेंस आणून गोठवलें कीं त्यांत वायूचे असंख्य सूक्ष्म, बंदिस्त बुडबुडे राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठांतले पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनीं १९५१-५२ च्या सुमारास असें सुचवलें कीं, पाण्यांत ऊब राहण्यासाठीं अंग कोरडें ठेवण्याची आवश्यकता नाहीं. अंगाभोंवतीं बुडबुड्यांचा थर असला म्हणजे झालें. पाण्याचा एक पातळ पापुद्रा आंत शिरतो, शरीराच्या उष्णतेनें तो तापतो, आणि बाहेरचा थर ती उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणूनच या पोशाखास ‘ओला’ हें विशेषण मिळालें. पुढें सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक ओ’नील यांच्यासारख्या दुकानदारांनीं तो सामान्य खेळाडूंपर्यंत पोंचवला.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: पोशाख अंगास चिकटून बसला पाहिजे. कंबरेशीं, कांखेंत किंवा मानेमागें पोकळी राहिली तर प्रत्येक पडण्यासरशी गरम झालेलें पाणी निघून जाईल आणि नवें थंड पाणी आंत येईल. मग पोशाख कितीही जाड असो, त्याचा उपयोग नाहीं. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची पद्धत आहे. येथें तो काटकसरीपणा घातक आहे. मात्र श्वास कोंडेल किंवा खांदे वर उचलतां येणार नाहींत इतका तो घट्टही नसावा.

दुसरा नियम जाडीचा. जाडी मिलिमीटरमध्यें सांगतात आणि बहुधा दोन आंकडे देतात. पहिला धडाचा, दुसरा हातापायांचा. पाणी सतरा ते वीस अंशांचें असल्यास तीन-दोनचा पोशाख पुरतो. तेरा ते सतरा अंशांस चार-तीनचा, आणि आठ ते तेरा अंशांस पांच-चारचा घ्यावा, व त्यासोबत बूट, हातमोजे आणि डोक्यास टोपी असावी. आठांच्या खालीं सहा मिलिमीटरचा पोशाख हवा. नाहींतर ज्यांत पाणी मुळींच शिरत नाहीं आणि आंत लोकरीचे कपडे घालतां येतात असा कोरडा पोशाख घ्यावा. हे आंकडे ढोबळ समजावे. कृश प्रकृतीच्या मनुष्यानें एक पायरी वरचा विचार करावा.

तिसरा नियम शिवणीचा. साध्या सपाट शिवणीची सुई रबराच्या आरपार जाते आणि प्रत्येक टांक्याच्या भोकांतून पाणी झिरपतें. असा पोशाख उन्हाळ्यापुरता ठीक. हिंवाळी पोशाखाचे तुकडे प्रथम डिंकानें जोडतात, आणि मग सुई रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच नेऊन शिवतात. घेतांना शिवण उलटून पाहावी.

चौथी गोष्ट या खेळापुरती विशेष आहे. लाटांवर पोहणाऱ्याचा पोशाख दोन्ही बाजूंनीं कापडाचें अस्तर लावलेला असतो. विंडसर्फिंगसाठीं मात्र छाती आणि पाठ यांवर बाहेरून गुळगुळीत, बिनअस्तराचें रबर असावें. त्यावरून पाणी लगेच ओघळतें. ओलें फडकें उरत नाहीं, आणि माठाची ती क्रिया मंदावते. तें रबर नाजूक असल्यामुळें नखांनीं फाटतें, म्हणून पोशाख चढवतांना चिमटीनें न ओढतां बोटांच्या पेरांनीं सरकवावा. हातांच्या बाह्या मात्र पातळ आणि कोपराखालीं किंचित् सैल असाव्या. शिडाची दांडी धरून कोपराखालचे स्नायू सतत आवळलेले असतात. त्यांवर जाड रबर आवळलें तर रक्त खेळत नाहीं, हात भरून येतात आणि पकड सुटते. त्याच कारणास्तव पुष्कळ खेळाडू तळवा उघडा असलेले मोजे वापरतात. कंबरेस शिडाचा पट्टा बांधावयाचा असतो, त्याखालीं पोशाखास चुणी पडत नाहीं ना, हें किनाऱ्यावरच पाहून घ्यावें.

आतां सोसण्याच्या पक्षाकडे वळूं. पुण्याचे रोहन मोरे यांनीं २०१८ सालीं जगांतील सात कठीण सामुद्रधुन्या पोहून पार करण्याचा क्रम पूर्ण केला. असें करणारे ते पहिले आशियाई जलतरणपटू होत. इंग्लिश खाडीसारख्या ठिकाणीं नियमाप्रमाणें वेटसूट चालत नाहीं. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगास लावावयाचें वंगण, इतकेंच. तें वंगण आपल्या अभ्यंगाच्या तेलासारखें वाटतें, पण त्याचा मुख्य उपयोग कातडी सोलवटूं नये हा आहे. उबेस त्याचा फारसा आधार नाहीं. मग हे लोक तगतात कसे? महिनोन् महिने थंड पाण्याची संवय करून, हातपाय अखंड चालते ठेवून, आणि शेजारीं नाव व जाणते लोक घेऊन. विंडसर्फिंग करणारा बहुधा फळीवर एकटा असतो, आणि शीड मोडलें तर स्वस्थ बसून राहतो. माघस्नानही घटकाभराचें, घाटावर माणसें आणि घरीं चूल पेटलेली. तितिक्षेची तुलना करतांना परिस्थितीची तुलना प्रथम केली पाहिजे.

थंड पाणी मनुष्यास कसें मारतें, याविषयीं जाणकार एक, दहा, एक असे तीन आंकडे सांगतात. पहिल्या एका मिनिटांत श्वासाचा धक्का बसतो. आपोआप धाप लागते, आणि तोंड पाण्याखालीं असेल तर पहिलाच श्वास पाण्याचा ठरतो. पुढील सुमारें दहा मिनिटांत हातापायांतली शक्ति जाते. चांगला पोहणाराही दोर धरूं शकत नाहीं. अंग खोलवर गारठून शुद्ध जाण्यास सुमारें एक तास लागतो. म्हणजे बहुतेक मृत्यु आपण ज्यास ‘गारठून मरणें’ म्हणतों त्यामुळें होत नाहींत. ते त्याच्या पुष्कळ आधीं, बुडून होतात. म्हणून पाण्यांत पडतांच धडपडूं नये. पाठीवर तरंगत राहून श्वास सांवरावा आणि मग फळी गांठावी. फळी कधींही सोडूं नये. ती तरंगते, आणि शोधणाऱ्यांस दुरून दिसते. वेटसूट स्वतःही थोडा तरंगता असतो, ही त्याची आणखी एक सेवा. तरी तो जीवरक्षक जाकिटाच्या जागीं समजूं नये.

शरीराच्या आंतील उष्णता पस्तीस अंशांखालीं गेली कीं धोका सुरू होतो. कुडकुडणें, बोबडें बोलणें, अडखळत चालणें, साधी गांठ सोडतां न येणें, हीं त्याचीं चिन्हें आहेत. वाईट गोष्ट ही कीं, ज्यास तो विकार होतो त्यास तो कळत नाहीं. म्हणून सोबती हवा, आणि पहिल्या हुडहुडीसच परत फिरण्याचा नियम हवा. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशीं नवशिक्यानें पाण्यांत उतरूंच नये.

बाहेर आल्यावर आडोसा गांठून ओले कपडे काढावे, अंग टिपावें, लोकरीचे कपडे व टोपी घालावी, आणि गरम गोड पेय घ्यावें. आपला आल्याचा चहा येथें उत्तम. पाण्याबाहेर आल्यानंतरही कांहीं वेळ आंतली उष्णता उतरतच असते, म्हणून लगेच मोटार हांकूं नये. फार गारठलेल्याचे हातपाय चोळूं नयेत, त्यास एकदम कढत पाण्यांत बसवूं नये. आडवें निजवून, पांघरून, वैद्यकीय मदत बोलवावी. मद्यानें ऊब येते हा समज खोटा आहे. त्यानें कातडीकडे रक्त धांवतें, क्षणभर गरम वाटतें, आणि आंतली उष्णता अधिकच वेगानें बाहेर जाते.

खर्चाविषयीं थोडें. बरा हिंवाळी पोशाख विलायतेंत साधारण शंभर पौंडांपासून पुढें मिळतो. पहिल्या वर्षीं शिकवणाऱ्या संस्थेकडून भाड्यानें घ्यावा. खेळ अंगवळणीं पडला तरच विकत घ्यावा. वापरल्यावर गोड्या पाण्यानें धुऊन, उलटा करून सांवलींत, दांडीवर कंबरेशीं दुमडून वाळवावा. उन्हानें रबर चिरतें. इतकी निगा राखली तर तो कित्येक हिंवाळे टिकतो.

राहतां राहिला शालीनतेचा आक्षेप, जो वडील मंडळी उघड बोलत नाहींत पण मनांत धरतात. मानेपासून घोट्यापर्यंत सर्वांग झांकणारें वस्त्र अशोभनीय कसें, हें मला समजत नाहीं. आमच्या घरांतला वाद मिटला तो आजेसासूबाई म्हणून जिला सारे मान देतात त्या वृद्धेच्या एका प्रश्नानें: “पोरगी पाण्यांत जाणारच ना? मग तिला गारठत पाठवायची कां?” पोशाख घेण्याचें ठरलें, आणि घेण्याआधीं कोणते प्रश्न दुकानदारास विचारावे याची यादीही तिला कळवली.

ज्या घरांतलीं मुलें अशा किनाऱ्यांवर आहेत, त्यांनीं खेळास नको म्हणण्याआधीं चार गोष्टी विचाराव्या: पाणी किती अंशांचें आहे, पोशाख किती जाडीचा आहे, सोबत कोण आहे, आणि परत येण्याची वेळ किनाऱ्यावर कोणास सांगितली आहे. या चारांचीं उत्तरें नीट मिळालीं तर निश्चिंत असावें. एकही उत्तर अडखळलें, तर त्या दिवशींपुरतें नको म्हणण्याचा वडिलांचा अधिकार निःसंकोच वापरावा.