एक प्रोग्रॅम, दोन दरवाजे

मेसच्या बिलासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. दिवसभर मेसचे क्लार्क काका माऊसने त्यात खाडे भरतात. महिन्याच्या १ तारखेला पहाटे मात्र तोच प्रोग्रॅम टास्क शेड्यूलरने आपोआप चालून बिलं काढतो. म्हणजे खिडकीतही चालायला हवा आणि कमांड लाइनवरही. "त्यात काय, एक इफ टाक!" इति रूममेट. लिनक्सवर त्याचं खरं आहे. विंडोजवर मात्र त्या इफची पाळी येण्याआधीच निकाल लागलेला असतो.

कसा ते सांगतो. प्रत्येक एक्झी फाइलच्या हेडरमध्ये सबसिस्टिम नावाचा एक रकाना असतो. त्यात २ असेल तर प्रोग्रॅम खिडकीवाला, ३ असेल तर कन्सोलवाला. आपल्या कोडची पहिली ओळ चालायच्या आधीच विंडोज हा आकडा वाचतं. ३ असला की डबल क्लिकनंतर मागे एक काळी खिडकी उघडते. काकांनी "हे काय मधेच?" म्हणून ती बंद केली की प्रोग्रॅम गेला, आणि सेव्ह न केलेले खाडेही गेले! ज्यांचे गेले त्यांना पूर्ण महिन्याचं बिल. (मग रेक्टरांच्या दारात रांग.)

२ असला तर उलटा त्रास. सीएमडीत नाव टाइप केलं की ते वाट न बघता लगेच प्रॉम्प्ट देतं, आणि छापलेलं काही दिसत नाही. गंमत म्हणजे बॅच फाइलमधून चालवलं तर थांबतं!

विंडोज एक्सपीपासून यावर अटॅचकन्सोल हे फंक्शन आहे. ज्या कन्सोलमधून बोलावलं त्यालाच ते प्रोग्रॅम जोडून देतं. पुष्कळजण इथेच समाधान मानतात, मला ते पटत नाही. प्रॉम्प्ट तर आधीच परत आलेला असतो, मग आपला मजकूर त्याच्याच शेपटीला चिकटतो.

मोठी मंडळी सरळ दोन फाइली देतात. पायथन आणि पायथनडब्ल्यू, जावा आणि जावाडब्ल्यू ही जोडपी त्यासाठीच. व्हिज्युअल स्टुडिओची युक्ती तर झकास: नाव एकच, पण एक फाइल डॉट एक्झी आणि दुसरी, कन्सोलवाली, डॉट कॉम. नुसतं नाव टाइप केलं तर विंडोज कॉम आधी शोधतं, आणि डेस्कटॉपवरचा शॉर्टकट एक्झीकडे जातो. लिब्रेऑफिसनेही विंडोजवर हेच केलंय.

मीही तेच केलं. हिशेबाचा सगळा कोड एका मॉड्यूलमध्ये, बाहेर दोन चिमुकले दरवाजे. पायइन्स्टॉलरच्या एकाच स्पेक फाइलीत दोन एक्झी लिहून दोघांना एकच फोल्डर देता येतं, त्यामुळे लायब्ररी दोनदा भराव्या लागत नाहीत.

कन्सोलच्या दरवाज्यात खिडकीची लायब्ररी इम्पोर्टसुद्धा करू नका. स्क्रीन नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर तिच्यामुळे प्रोग्रॅम सुरूच न होण्याची शक्यता असते. आणि तिथे मेसेज बॉक्स अजिबात नको. पहाटे ओके दाबायला कोण उठणार? चूक झाली तर ती एररच्या प्रवाहात छापा आणि शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड परत द्या. टास्क शेड्यूलर तो दाखवतो, सकाळी काकांना नुसतं बघायचं असतं.