अग्निसूटाची खरी परीक्षा जिन्यात

पेटलेल्या इमारतीत शिरणाऱ्या अग्निशमन जवानाच्या अंगावर सूट, हेल्मेट, बूट आणि हवेची टाकी मिळून वीस किलोंहून अधिक वजन असतं. लिफ्ट बंद, जिन्यात धूर, हातात होज. तो दमतो ते या ओझ्यामुळे, असं कुणालाही वाटेल. पण दोष एकट्या वजनाचा नाही.

1972 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना आधी एकावर एक हिवाळी कपडे घालून चालवलं, मग तेवढंच वजन पट्ट्याने कमरेला बांधून. वजन तेच, तरी कपड्यांत सुमारे 16 टक्के जास्त ऊर्जा खर्च झाली. थर एकमेकांवर घासतात, सांध्यांपाशी गोळा होतात आणि प्रत्येक पावलाला आडवे येतात.

अग्निसूटही तीन थरांचाच. बाहेर नोमेक्ससारखं ज्वालारोधक कापड, मध्ये पाणी अडवणारा पडदा, आत उष्णतारोधक अस्तर. यातलं काहीच काढून टाकता येत नाही. त्यात उष्णता थोपवण्याचं बरंचसं काम थरांमध्ये कोंडलेली हवा करते. रांगताना गुडघ्याखाली किंवा टाकीच्या पट्ट्याखाली ही हवा दाबली गेली, की नेमकी तिथेच त्वचा भाजू शकते. म्हणून सूट थोडा ढगळच लागतो. पण फार ढगळ झाला, तर जांघेत अडकतो आणि शिडीवर पाय उचलत नाही.

इथे रसायनशास्त्रज्ञापेक्षा शिंपी कामाला येतो. काखेत आणि जांघेत जादा कापडाची कळी, गुडघ्याला शिवतानाच दिलेला बाक, हात वर केला तरी जाकीट कमरेवरून सरकू नये अशी बाही. बुटांचा हिशेब तर आणखी कडक, कारण पायातला एक किलो दर पावलाला उचलावा लागतो. पाठीवरच्या किलोपेक्षा तो कितीतरी महाग पडतो.

या जादा मेहनतीची शरीरात उष्णता होते आणि सूटच्या आत घाम नीट वाळत नाही. हृदयाची धडधड वाढत जाते. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावणाऱ्या जवानांमध्ये वर्षानुवर्षं भाजण्यापेक्षा हृदयविकाराचेच बळी अधिक आहेत.

तेव्हा महापालिकांनी सूट घेताना ज्वालाचाचणीचं प्रमाणपत्र जरूर पाहावं, पण तेवढ्यावर सही करू नये. महिला जवानांसाठी वेगळी मापं मागावीत. आणि ज्यांनी तो घालायचा, त्यांना पाठीवर टाकी देऊन दहा मजले चढू द्यावं, रांगू द्यावं. मगच पैसे चुकते करावेत.