ऊस, भुंगेरे आणि परसातली पाकोळी

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की शिरोळ तालुक्यात तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि बांधावरच्या बाभळी-कडुनिंबांवर गोळा होतात. त्यांची अळी पुढे कित्येक महिने उसाची मुळे कुरतडते, म्हणून भुंगेरे अंडी घालण्याआधीच वेचा, प्रकाश सापळे लावा, असे दरवर्षी सांगितले जाते. पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी लहान वटवाघळे, शिकारीला निघतात तीही याच वेळी. भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक किड्यांवरच जगतात, आणि वस्तीच्या आसपास राहणाऱ्या काही जातींच्या आहारात भुंगेऱ्यांचा वाटा मोठा असतो. पाकोळ्या हुमणी संपवतील, असे मी म्हणणार नाही. पण कृष्णा-पंचगंगेच्या या दोआबात परसबाग आणि उसाचा फड यांत अनेकदा एका कुंपणाचेच अंतर असते. तेव्हा रात्रपाळीचे हे शिकारी परसात राहिले, तर फायदा परसापुरता उरत नाही.

वटवाघळांची बाजू घेताना डासांचा दाखला हमखास दिला जातो. एक वटवाघूळ तासाला शेकडो डास खाते, हा आकडा १९६० साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी बंद खोलीत केलेल्या प्रयोगावरून काढलेला आहे. मोकळ्या रानात त्यांना पतंग, भुंगेरे असे भरीव भक्ष्य मिळते आणि डासांचा वाटा कमी होतो. डास हटतील या आशेने वटवाघळे बोलावणाऱ्याची निराशाच होईल. शेतीबाबतचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेत एका बुरशीजन्य रोगाने वटवाघळे मोठ्या संख्येने मेली. ज्या जिल्ह्यांत असे घडले तिथे शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला आणि अर्भकमृत्यूही वाढले, असे २०२४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले. फुकट होणारे काम बंद पडले, की त्याची किंमत औषधाच्या डब्यातून मोजावी लागते.

मग त्यांना परसात आणायचे कसे? परदेशात लाकडी खोकी टांगतात, पण तो थंड मुलखातला उपाय. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली टांगलेले खोके भट्टीसारखे तापते. इथल्या पाकोळ्या जुन्या झाडांच्या ढोलीत, भिंतींच्या फटींत, ताड-माडांच्या वाळून लोंबणाऱ्या झावळ्यांत राहतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मातीची कौलारू घरे पडली, सिमेंटची उभी राहिली, फटी बुजल्या. म्हणून उरलेले जुने झाड राखणे हे नव्या खोक्यापेक्षा मोलाचे. घराला वा माणसाला धोका नसेल तिथे वाळक्या झावळ्या राहू द्याव्यात. रात्रभर जळणारा दिवा बंद करावा. प्रकाश सापळाही अंधार पडल्यावरचे दोन-तीन तास पुरे. आणि फवारणी आवरावी, कारण किडेच नसतील तर पाकोळी येईल कशाला?

सर्वांत गंभीर हरकत रोगाची, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या, आणि त्यांत फळे खाणाऱ्या जातीबरोबर किडे खाणारी पाकोळीही होती. पण रोग माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे पाहिले पाहिजे. बांगलादेशात तो मुख्यतः वटवाघळांनी उष्टावलेल्या खजुरीच्या कच्च्या रसातून आला. ऑस्ट्रेलियात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले, की जंगल तुटून उपासमार झाली तेव्हा वटवाघळे वस्तीकडे सरकली आणि हेंड्रा विषाणू घोड्यांत पोचला. रानात भरपूर फुलोरा आला त्या हिवाळ्यांत हे थांबले. म्हणजे झाडे तोडून, फटाके वाजवून त्यांना हुसकणे हाच जोखमीचा मार्ग. फळे खाणाऱ्या वटवाघळांमुळे चिकू-पेरूचे नुकसान होते हे खरे. त्यावर फळांना कागदी वा कापडी पिशव्या बांधाव्यात. सैल जाळ्यांत वटवाघळे अडकून मरतात आणि सोडवायला गेलेल्याला चावतात. उष्टे फळ खाऊ नये, पुरून टाकावे. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये, वनविभागाला कळवावे. चावा बसलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.