अर्ध्यावर काढून घेतलेले काम : 'सुपरमॅन २'च्या दोन आवृत्त्या

एखाद्या शिंप्याने कापड बेतले, कापले, निम्म्याहून अधिक शिवूनही टाकले आणि तेवढ्यात मालकाने काम काढून दुसऱ्याच्या हाती दिले, तर तयार कपड्यावर नाव कोणाचे? मजुरी कोणाला किती? आणि दुसऱ्याने जो भाग उसवून बाजूला ठेवला, त्याचे काय? आपल्या धंद्यात असे वाद दुकानाच्या ओट्यावर मिटतात. सिनेमाच्या धंद्यात एकदा हाच वाद मिटायला सत्तावीस वर्षे लागली.

'डायरेक्टर्स कट' हा शब्द आता आपल्याकडेही ऐकू येतो. चित्रीकरण संपते तेव्हा दिग्दर्शकाच्या हाती चित्रपट नसतो, कच्च्या फिल्मचा ढीग असतो. त्यातून काय ठेवायचे आणि काय काढायचे, यावर चित्रपट ठरतो. हॉलीवूडमध्ये शेवटची कात्री बहुधा पैसा लावणाऱ्याच्या हातात असते. त्याने कापलेली आवृत्ती थिएटरात लागते. पुढे कधी दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणे जोडलेली दुसरी आवृत्ती बाजारात आली, तर तिला हे नाव मिळते. 'सुपरमॅन २' हे त्याचे फार बोलके उदाहरण होय.

निर्माते होते अलेक्झांडर आणि इल्या सालकाइंड हे बाप-लेक आणि त्यांचे भागीदार पिएर स्पेंग्लर. सालकाइंड यांचा आधीचा एक व्यवहार इथे सांगायलाच हवा. 'थ्री मस्केटिअर्स'साठी त्यांनी नटांना एका चित्रपटाचे काम म्हणून घेतले आणि त्या चित्रीकरणातून दोन चित्रपट काढले. एक लागला १९७३ साली, दुसरा १९७४ साली. नट कोर्टात गेले. तेव्हापासून नटांच्या करारात एक कलम येऊ लागले, की या कामातून किती चित्रपट निघणार ते आधी लिहून द्यावे. त्या कलमाला आजही 'सालकाइंड कलम' म्हणतात. अशी कीर्ती कोणाच्या वाट्याला न येवो!

'सुपरमॅन'च्या वेळी मात्र दोन चित्रपट होणार हे उघड होते. १९७७च्या मार्चमध्ये इंग्लंडातल्या पाइनवूड स्टुडिओत रिचर्ड डॉनर यांनी दोन्हींचे चित्रीकरण एकदमच सुरू केले. खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले. खर्चाचा अंदाज आपल्याला कधी दाखवलाच नाही, असे डॉनर यांचे म्हणणे. शेवटी दुसऱ्या भागाचे काम थांबवून पहिला भाग पुरा केला. तो डिसेंबर १९७८ मध्ये लागला आणि तुफान चालला. दुसऱ्याचाही मोठा हिस्सा तोवर तयार होता. तरीही निर्मात्यांनी डॉनर यांना काढले आणि काम रिचर्ड लेस्टर यांना दिले. हे लेस्टर म्हणजे 'थ्री मस्केटिअर्स'चेच दिग्दर्शक.

आता नावाचा प्रश्न आला. दिग्दर्शक म्हणून एकट्याचे नाव लावायचे, तर चित्रपटाचा पुरेसा भाग त्याने स्वतः घेतलेला हवा. म्हणून डॉनर यांनी आधीच पुरी केलेली दृश्येसुद्धा लेस्टर यांनी पुन्हा घेतली. ज्या मालाचे पैसे एकदा देऊन झाले होते, तोच माल पुन्हा पैसे देऊन करवून घेतला. जीन हॅकमन हे खलनायक लेक्स ल्यूथर होते. त्यांनी डॉनरशिवाय परत येण्यास नकार दिला. त्यामुळे लागलेल्या चित्रपटात ते जिथे जिथे दिसतात, ते सारे डॉनर यांचेच काम. उरलेल्या जागी पाठमोरा दुसराच माणूस उभा आहे.

मार्लन ब्रँडो यांचा मामला याहून मोठा. सुपरमॅनच्या बापाच्या, म्हणजे जॉर-एलच्या, छोट्या भूमिकेसाठी त्यांनी सुमारे ३७ लाख डॉलर आणि वर चित्रपटाच्या एकूण उत्पन्नात हिस्सा ठरवला होता. लक्षात घ्या, निव्वळ नफ्यात नव्हे. नफा वहीत खर्च दाखवून नाहीसा करता येतो, गल्ल्यावर आलेला पैसा लपवणे कठीण. पुढे हिशेबावरून वाद झाला आणि ब्रँडो कोर्टात गेले. दुसऱ्या भागात ते दिसले असते तर त्यातही हिस्सा द्यावा लागला असता. तेव्हा त्यांची चित्रित झालेली दृश्ये काढून टाकली आणि ते संवाद आईच्या भूमिकेतल्या सुझाना यॉर्क यांच्या तोंडी गेले.

यात कथेचे काय झाले ते पाहा. सुपरमॅन प्रेमापोटी आपली शक्ती सोडतो आणि पुढे संकट आल्यावर ती परत मिळवतो. डॉनर यांच्या चित्रीकरणात बाप आपल्यात उरलेले सारे बळ मुलाला देतो आणि कायमचा विझून जातो. चित्रपटाचा गाभा तोच. थिएटरातल्या आवृत्तीत मात्र नायकाला एक हिरवा स्फटिक सापडतो आणि थोड्या वेळाने तो पूर्ववत होऊन हजर! शक्ती कशी आली, ते प्रेक्षकाने समजून घ्यायचे.

१९८० साली लागलेली ही आवृत्ती १२७ मिनिटांची होती आणि तीही चांगली चालली, हे कबूल केले पाहिजे. तिची सुरुवात पॅरिसच्या आयफेल टॉवरवरच्या बॉम्बने होते. डॉनर यांनी हे लिहिलेही नव्हते आणि घेतलेही नव्हते.

काढलेली फिल्म फेकली गेली नव्हती, गोदामात पडून होती. २००६ साली 'सुपरमॅन रिटर्न्स'साठी ब्रँडो यांची जुनी दृश्ये हवी होती. ब्रँडो २००४ मध्ये वारले होते. वारसांच्या बाजूशी करार झाला आणि अडलेली वाट मोकळी झाली. मायकल थाऊ यांनी डॉनर यांच्या देखरेखीखाली जुने तुकडे जोडले. ही आवृत्ती ११६ मिनिटांची, म्हणजे आधीच्यापेक्षा आखूड आहे. जे दृश्य डॉनर यांना घेताच आले नव्हते, तिथे नटांच्या निवड-चाचणीची फिल्म लावली आहे. लोइस बंदूक झाडते आणि क्लार्कचे बिंग फुटते, ते हेच दृश्य. एका तुकड्यात नायक किडकिडीत, पुढच्यात भरलेला. ठिगळ दिसते, पण दृश्य लागलेल्या चित्रपटातल्यापेक्षा सरस आहे. काही ठिकाणी लेस्टर यांचेही तुकडे वापरावे लागले. शेवट मात्र फसला आहे. काळ मागे फिरवण्याची युक्ती दुसऱ्या भागासाठी होती, पण ती पहिल्याच भागात खर्च झाली होती. इथे तीच पुन्हा येते, आणि काळ मागे गेल्यावरही नायक हॉटेलातल्या गुंडाला अशा मारहाणीची शिक्षा करतो, जी आता झालेलीच नाही.

प्रत्येक लांब आवृत्ती कलेसाठीच असते असेही समजू नये. पहिला 'सुपरमॅन' १९८२ मध्ये अमेरिकी टीव्हीवर तीन तासांहून लांब होऊन आला, कारण पैसे मिनिटावर मिळत होते. गजावर कापड विकावे तसे. त्या लांबीत डॉनर यांचा हात नव्हता.

अगदी अलीकडचे उदाहरण 'जस्टिस लीग'चे. झॅक स्नायडर घरच्या दुःखामुळे २०१७ साली बाजूला झाले, जॉस व्हेडन यांनी बरेच पुन्हा चित्रित केले, तरी दोन तासांच्या त्या चित्रपटावर नाव स्नायडर यांचेच राहिले. २०२१ मध्ये त्यांची चार तासांची आवृत्ती आली. आपल्या कामात कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून तिची मजुरी त्यांनी घेतली नाही.

डॉनर २०२१ साली वारले. 'सुपरमॅन २'च्या दोन्ही आवृत्त्या वॉर्नर ब्रदर्सच्याच मालकीच्या आहेत. एकीवर लेस्टर यांचे नाव आहे, दुसरीवर डॉनर यांचे, आणि गिऱ्हाईक दोन्ही विकत घेते.