एकच पडदा, तीन उपयोग : निवडीचे निकष

चित्रसंपादन, संगणकीय खेळ आणि दूरदर्शन यांसाठी एकच पडदा निवडताना प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. संपादनास रंगांची अचूकता, खेळांस १२० हर्ट्झ वा अधिक रिफ्रेश रेट, तर दूरदर्शनास कॉन्ट्रास्ट व दृश्यकोन महत्त्वाचे असतात. ओएलईडी पडदा हे गुण बऱ्याच अंशी एकत्र आणतो. मात्र दीर्घकाळ स्थिर राहिलेल्या चित्राचा त्यावर कायमचा ठसा उमटू शकतो.

चौकटीचे प्रमाणही तितकेच निर्णायक ठरते. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा मूकपट ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ४:३ चौकटीतील आहे. १९२०×१०८० बिंदूंच्या पडद्यावर तो १४४० बिंदूंचीच रुंदी व्यापतो. पडदा भरण्यासाठी ताणल्यास प्रत्येक आकृती एक-तृतीयांशाने अधिक रुंद दिसते. सारांश, उत्तम पडदाही चुकीच्या मांडणीने मूळ कृती विकृत करतो. म्हणून अध्यापनात मूळ प्रमाण राखणे अनिवार्य मानावे.